मत मागवले, पण उत्तर दिले का? विद्यापीठाच्या कारभारात शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना आवाज देण्याची कार्यपद्धती

गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी गोव्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी त्या विद्यापीठाचे एक केंद्र पणजीत होते. मोठे निर्णय मुंबईत व्हायचे आणि पत्राने इकडे यायचे. आता निर्णयाचे ठिकाण ताळगावच्या पठारावर आहे, म्हणजे आपल्या घरात आहे. तरीही पेडण्यातील किंवा काणकोणातील महाविद्यालयाच्या शिक्षकाला, परीक्षा विभागातील लिपिकाला किंवा प्रयोगशाळा साहाय्यकाला एखादा निर्णय परिपत्रक हाती पडल्यावरच कळावा, असे घडू शकते. देशातील कोणत्याही सार्वजनिक विद्यापीठात हा धोका असतो आणि तो टाळण्याची कार्यपद्धती फारशी खर्चीक नाही. तिला शिस्त मात्र लागते.

नोकरीची बरीच वर्षे मी शिक्षक प्रतिनिधी म्हणून वेगवेगळ्या समित्यांवर काम केले. त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. समितीवर खुर्ची मिळाली म्हणजे आवाज मिळाला असे होत नाही. विषय आधी कळणे, बोलायला जागा असणे, बोललेले लिहिले जाणे आणि लिहिलेल्याला कारणांसह उत्तर मिळणे, या चार गोष्टी एका साखळीत असतील तरच त्याला आवाज म्हणता येते. यातली शेवटची कडी सर्वांत आधी तुटते, म्हणून या लेखात तिच्यावर सर्वांत जास्त भर दिला आहे.

पहिली पायरी: कोणता निर्णय कुठे होतो याचा नकाशा काढा

सुरुवात तक्रारीने करू नये, ती कागदाने करावी. विद्यापीठाचा कायदा विधानसभेने केलेला असतो. त्याखाली परिनियम येतात आणि त्याखाली अध्यादेश, ज्यांना आपण सगळेच ऑर्डिनन्स म्हणतो. गोवा विद्यापीठाच्या बाबतीत मूळ कायदा १९८४ चा आहे आणि राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती आहेत. शैक्षणिक विषय प्रामुख्याने विद्या परिषदेकडे जातात, तर प्रशासन, नेमणुका आणि पैशाचे निर्णय कार्यकारी परिषदेत होतात. अभ्यासक्रमाचा मजकूर अभ्यासमंडळात ठरतो.

एका मोठ्या कागदावर आपल्या संस्थेतील प्रत्येक मंडळाचे नाव लिहावे. त्यासमोर सदस्य किती, त्यांतले पदसिद्ध किती, नामनिर्देशित किती आणि निवडून आलेले किती, गणपूर्ती किती लागते, मुदत कधी संपते आणि मागील वर्षी बैठका किती झाल्या, हे नोंदवावे. या एका कागदावरून पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. एखाद्या मंडळावर शिक्षक भरपूर दिसतात, पण ते सर्व अधिष्ठाता किंवा विभागप्रमुख म्हणून बसलेले असतात. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा रकाना अनेकदा कोराच राहतो. रिकामी जागा कायद्यातच नाही, की कायद्यात असून भरलेली नाही, हे वेगवेगळे लिहावे, कारण दोहोंचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यासाठी परिनियमात दुरुस्ती लागते आणि दुसऱ्यासाठी कुलसचिवांना एक पत्र पुरते.

ही माहिती मागण्याची लाज बाळगू नये. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार आपल्या समित्यांची व परिषदांची यादी आणि त्यांच्या बैठकींची इतिवृत्ते जनतेला पाहता येतात की नाही, हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते. त्याच कलमात आणखी दोन महत्त्वाच्या तरतुदी आहेत: महत्त्वाचे धोरण आखताना संबंधित तथ्ये प्रसिद्ध करणे आणि प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना देणे. कर्मचाऱ्यांच्या सहभागाची चर्चा करताना ही शेवटची तरतूद फार क्वचित कोणी काढतो. ती पाठ करून ठेवावी.

दुसरी पायरी: आवाज कोणाकोणाचा?

गावकरीची पद्धत गोमंतकीय वाचकाला सांगायला नको. गावाच्या जमिनीचे, बांधाचे, मानशीचे (बांधातील पाण्याच्या दारांचे) निर्णय गावकार, म्हणजे गावातील मूळ घराण्यांचे पुरुष, एकत्र बसून करीत आणि ते लिहून ठेवायला लेखनिक असे. १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे सनदेत, पोर्तुगिजांनी या रूढी लिहून काढल्या, इतकी ती व्यवस्था मुरलेली होती. पण त्याच गावात राहणाऱ्या, त्याच बांधावर राबणाऱ्या मुंडकाराला (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला) त्या बैठकीत जागा नव्हती. आज आपल्या संस्थांतील लेक्चर बेसिसवरचे, म्हणजे तासागणिक मानधन घेणारे शिक्षक, कंत्राटी शिक्षक, एजन्सीमार्फत आलेले सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी यांची स्थिती मला त्या मुंडकारासारखी वाटते. वर्गातील तासांचा मोठा भार लेक्चर बेसिसवरच्या शिक्षकांवर असतो, पण वेळापत्रक ठरते तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही.

म्हणून यादी करताना सेवापुस्तकावर थांबू नये. कायम शिक्षक, तात्पुरते शिक्षक, कार्यालयीन कर्मचारी, तांत्रिक व प्रयोगशाळा कर्मचारी, ग्रंथालय, वसतिगृह, तसेच बाह्य एजन्सीचे कामगार, असे गट मांडून प्रत्येकाची संख्या लिहावी. कायद्याने मताधिकार सर्वांना देता येईलच असे नाही, मात्र मत मांडण्याचा अधिकार सर्वांना देण्यास कोणताही कायदा आड येत नाही. तात्पुरत्यांना मत मांडू दिले तर पुढे ते कायम होण्याचा दावा करतील, अशी भीती काही अधिकारी दाखवतात. सूचना करणे आणि सेवेत कायम होणे या दोन अगदी वेगळ्या बाबी आहेत, हे त्यांना शांतपणे लेखी सांगावे.

तिसरी पायरी: कोणत्या विषयावर कोणाचे मत जड

सर्वांना सर्व विषयांवर सारखे विचारले की सगळेच थकतात. अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, मूल्यमापन आणि संशोधनाचा दर्जा यांवर शिक्षकांचे मत निर्णायक असावे. १९९७ मध्ये युनेस्कोने उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी जी शिफारस स्वीकारली, तिच्यात शैक्षणिक मंडळांवरील बहुसंख्य प्रतिनिधी निवडण्याचा अध्यापकांचा हक्क नमूद आहे, आणि स्वतःच्या संस्थेच्या कारभारावर टीका करण्याचाही. अर्थसंकल्प, बांधकाम आणि सुट्ट्यांचे वेळापत्रक हे सामाईक विषय आहेत. परीक्षेची कार्यवाही, नोंदी, प्रयोगशाळेची सुरक्षितता आणि प्रवेशप्रक्रिया या विषयांत मात्र शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना आधी विचारले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत एका प्रसंगाने बनले. मी ज्या संस्थेत होतो, तिथे एका सत्रात अंतर्गत गुण थेट संगणकप्रणालीत पाच दिवसांत भरण्याचा निर्णय झाला. समितीत आम्ही सगळे शिक्षक आणि अधिकारी होतो आणि निर्णय एकमताने झाला. परीक्षा विभागातील एका वरिष्ठ लिपिक बाईंना तो नोटीस बोर्डावर वाचायला मिळाला. त्यांच्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. कोणत्या विषयाची गुणपत्रिका कोणत्या दिवशी आली, कोणती बाह्य परीक्षकाच्या सहीविना परत पाठवली, कोणत्या दिवशी वीज नव्हती, हे त्या वहीत लाल पेनाने लिहिलेले असे. मागील तीन सत्रांत प्रात्यक्षिकांच्या गुणपत्रिका अकरा दिवसांच्या आत कधीच पूर्ण आल्या नव्हत्या, हे त्या वहीच्या चार पानांवर दिसत होते. मुदत दोनदा वाढवावी लागली आणि निकाल लांबला. बैठकीला जाण्यापूर्वी आमच्यापैकी एकानेही ती वही उघडून पाहिली नव्हती. त्या दिवसापासून परीक्षेचा विषय आला की परीक्षा विभागाची लेखी टिपणी जोडल्याशिवाय तो कार्यसूचीवर घेऊ नये, असा आग्रह मी धरला.

याची दुसरी बाजूही नियमात लिहावी. स्वतःची बढती, स्वतःवरील चौकशी, नातेवाइकांची निवड किंवा स्वतःचा आर्थिक संबंध असलेली खरेदी या विषयांत प्रतिनिधीने बैठकीतून उठून बाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी.

चौथी पायरी: निवडणूक अशी घ्या की लहान गटही दिसेल

प्रतिनिधी नेमलेला नसावा, निवडलेला असावा. शेजारच्या महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने महाविद्यालय विकास समितीवर तीन शिक्षक आणि एक शिक्षकेतर कर्मचारी आपापल्या वर्गातून निवडून येण्याची तरतूद केली आहे. गोव्यातील एखाद्या महाविद्यालयाला कायद्याची वाट न पाहता, आपल्या अंतर्गत समित्यांपुरता असा ठराव स्थानिक व्यवस्थापन आणि प्राचार्य यांच्या संमतीने करता येतो.

मतदानाची पद्धत काळजीपूर्वक निवडावी. समजा, २०० मतदार आहेत आणि ४ जागा आहेत. प्रत्येकाने चार नावांवर खूण करायची, अशी साधी पद्धत ठेवली आणि ११० जणांचा एक गट ठाम राहिला, तर चारही जागा त्या गटाला मिळतात आणि ९० जणांच्या हाती काहीच राहत नाही. एकल संक्रमणीय मतपद्धतीत मतदार नावांपुढे १, २, ३ असा पसंतिक्रम लिहितो. निवडून येण्याचा कोटा काढण्यासाठी २०० ला जागांपेक्षा एकाने जास्त, म्हणजे ५ ने भागायचे आणि १ मिळवायचा: ४१. कोट्यापेक्षा जास्त पडलेली मते पुढच्या पसंतीच्या नावाकडे जातात. मतदार आपापल्या गटातच पसंती देत गेले, तर ११० च्या गटाला दोन जागा मिळतात आणि ९० च्या गटालाही दोन. मोजणीला दोन तास जास्त लागतात, एवढाच काय तो तोटा.

मुदत दोन किंवा तीन वर्षांची असावी आणि सलग दोनपेक्षा जास्त मुदती नसाव्यात. निवडून आलेल्या प्रतिनिधीला समितीच्या कामाचे तास त्याच्या कार्यभारात मोजून द्यावेत. लिपिकाच्या टेबलावरील फाइली बैठकीच्या दिवशी दुसऱ्या कोणाकडे जाणार, हे आधी ठरलेले नसेल तर तो बैठकीला येणार नाही आणि त्याचा दोषही नसेल.

पाचवी पायरी: मसुदा वेळेत आणि समजेल अशा भाषेत पोहोचवा

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी शे-दीडशे पानांची कार्यसूची ईमेलने आली, तर सदस्य ती वाचू शकत नाही, मग आपल्या मतदारांना विचारणे तर दूरच. धोरणाचा कोणताही मसुदा किमान २१ दिवस आधी फिरवावा आणि नेहमीची कार्यसूची १० दिवस आधी. हे दिवस मोजताना चतुर्थी आणि नाताळच्या सुट्ट्या वगळाव्यात. भाद्रपदात सगळे गावाला गेलेले असताना मागवलेली मते मागवली असे म्हणता येत नाही.

प्रत्येक मसुद्याच्या वर एका पानाचे टिपण असावे: काय बदलत आहे, का बदलत आहे, कोणावर परिणाम होईल, कोणते पर्याय विचारात घेऊन बाजूला ठेवले आणि मत कोणत्या तारखेपर्यंत कोणाला द्यायचे. हे टिपण कोकणी आणि मराठीतही काढावे. विद्यापीठाचे कागद इंग्रजीत असतात आणि पदव्या घेतलेल्यांना त्याची सवय असते, पण शिपाई, माळी, वाहनचालक, वसतिगृहातील स्वयंपाकी यांना त्यांच्या भाषेत कागद मिळाला नाही तर त्यांना विचारणे पोकळ ठरते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि मराठीचा शासकीय कामकाजात वापर करण्याचीही तरतूद केली. राज्याने मान्य केलेली गोष्ट सूचना फलकावर आणायला वेगळी परवानगी लागू नये.

मते घेण्याचे मार्ग दोन-तीन ठेवावेत. लेखी सूचना, विभागवार बैठक आणि संगणकावर बसून काम न करणाऱ्यांसाठी त्यांच्या कामाच्या जागी अर्ध्या तासाची भेट. सुरक्षारक्षकांची भेट त्यांच्या पाळी बदलण्याच्या वेळी घ्यावी. काणकोणहून ताळगावला येऊन परत जाण्यात शिक्षकाचा दिवस मोडतो, त्यामुळे दूरच्या महाविद्यालयांसाठी ऑनलाइन बैठक किंवा दक्षिण गोव्यात एक स्वतंत्र बैठक हवी.

सहावी पायरी: बैठकीत बोललेले लिहिले गेले पाहिजे

"सविस्तर चर्चेअंती ठराव संमत करण्यात आला." इतिवृत्तातील हे वाक्य मी शेकडो वेळा वाचले आहे. त्यात कोणी काय म्हटले ते नसते, विरोध होता की नव्हता तेही नसते. यावर उपाय साधा आहे. विषयावर बोलण्यापूर्वीच आपला मुद्दा पाच-सहा ओळींत लिहून न्यावा, वाचून दाखवावा आणि प्रत सचिवांना देऊन "ही टिपणी इतिवृत्तास जोडावी" अशी विनंती करावी. मतभेद असल्यास भिन्नमत टिपणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी द्यावी. कच्चे इतिवृत्त सात ते दहा दिवसांत फिरले पाहिजे. त्यातील चूक पुढील बैठकीत "इतिवृत्त कायम करणे" या विषयाखाली तोंडी न सांगता आधीच लेखी कळवावी, कारण तो विषय दोन मिनिटांत उरकला जातो.

बोलताना आपण कोणाच्या वतीने बोलतो आहोत, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करावे. "मला वाटते" आणि "माझ्या विभागातील ३२ पैकी १९ जणांनी लेखी कळवले आहे" या दोन वाक्यांचे वजन वेगळे असते.

सातवी पायरी: प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर

सर्व पद्धतीचा कणा हाच आहे. मते मागवणाऱ्या अधिकाऱ्याने निर्णयासोबत एक तक्ता प्रसिद्ध करावा. त्यात सूचना कोणत्या गटाकडून आली, तशी किती जणांनी केली, ती पूर्ण स्वीकारली, अंशतः स्वीकारली की नाकारली आणि त्याचे कारण काय, एवढेच रकाने पुरेत. सूचना करणाऱ्याचे नाव नको. उदाहरणार्थ, ग्रंथालय सकाळी आठऐवजी सात वाजता उघडण्याच्या मसुद्यावर ग्रंथालय कर्मचाऱ्यांनी पहिली बस साडेसातपूर्वी पोहोचत नसल्याचे कळवले, तर तक्त्यात "अंशतः स्वीकारले: परीक्षेच्या काळातच सात वाजता, आणि त्या काळात आदल्या दिवशी दुपारची पाळी मिळालेल्यांना सकाळची पाळी देण्यात येणार नाही" असे दिसले पाहिजे. "सूचना विचारात घेण्यात आली" हे उत्तर नव्हे. कारण नसलेला रकाना रिकामा मानावा आणि तो तक्ता परत पाठवावा.

अधिकाऱ्यांना हे ओझे वाटते. माझा अनुभव उलट आहे. ज्या वर्षी आम्ही एका समितीत असा तक्ता दिला, त्या वर्षी नाकारलेल्या सूचना स्वीकारलेल्यांपेक्षा जास्त होत्या, तरीही एकही निषेधपत्र आले नाही, कारण आपले म्हणणे कोणीतरी शेवटपर्यंत वाचले आहे हे लोकांना दिसत होते. नकार पचतो, दुर्लक्ष पचत नाही. तक्त्यासाठी मुदत ठेवावी: मते देण्याची तारीख संपल्यापासून ३० दिवस. स्वीकारलेल्या सूचनांची अंमलबजावणी कुठवर आली, हे पुढील प्रत्येक बैठकीत कार्यवाही अहवालात यावे.

आठवी पायरी: बोलणाऱ्याला झळ लागू नये

निनावी सर्वेक्षण करताना विभाग, लिंग, पद आणि सेवेची वर्षे एकत्र विचारली, तर चार माणसांच्या विभागात नाव लिहिल्यासारखेच होते. पाचपेक्षा कमी उत्तरे असलेला कोणताही गट अहवालात वेगळा दाखवू नये. मते उघडून पाहणारी व्यक्ती सूचना करणाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहिणारी नसावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समितीवर कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांनी सदस्य असू नये, असे म्हटले आहे आणि दोन शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना मात्र जागा दिली आहे. तेच तत्त्व अन्य तक्रारींच्या समितीलाही लावावे.

सरकारी महाविद्यालयांतील शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवांचे वर्तणूक नियम लागू असतात आणि त्यांत वर्तमानपत्रांतून किंवा जाहीरपणे सरकारी धोरणावर टीका करण्यास बंदी आहे. संस्थेने मागवलेल्या मतांना संस्थेच्या मार्गाने उत्तर देणे ही वेगळी गोष्ट आहे. मसुद्याच्या टिपणातच हे एका वाक्यात लिहिले, तर घाबरणारे पुष्कळ जण लिहिते होतात.

नववी पायरी: उत्तरच मिळाले नाही तर

आधी स्मरणपत्र, पंधरा दिवसांनी दुसरे, मग संघटनेमार्फत कुलसचिवांची भेट. भेटीचे चार मुद्दे त्याच दिवशी ईमेलने पाठवून "असे आपले बोलणे झाले" अशी नोंद करून घ्यावी. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज. त्यात "असा निर्णय का घेतला" असे विचारू नये, कारण कायद्याने उपलब्ध कागद मिळतो, नवे स्पष्टीकरण तयार करून मिळत नाही. अमुक तारखेच्या बैठकीचे इतिवृत्त, त्यासोबतची टिपणी आणि आलेल्या सूचनांची फाइल यांच्या प्रती मागाव्यात. अर्ज कशासाठी हे सांगावे लागत नाही. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील आणि तिथेही निभाव लागला नाही तर ९० दिवसांत गोवा राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

संघटनांनी एक भेद ध्यानात ठेवावा. गोव्यातील करंझाळे येथील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये असा निर्णय दिला की शिक्षणसंस्था उद्योग असली तरी शिक्षक तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नाहीत. त्यामुळे शिक्षक आणि लिपिक एकाच छताखाली काम करीत असले तरी न्याय मागण्याचे त्यांचे दरवाजे वेगळे असू शकतात. याच कारणाने विद्यापीठाच्या आतली सामाईक व्यवस्था भक्कम असणे दोघांच्याही हिताचे आहे. शिक्षक संघटना आणि शिक्षकेतर संघटना यांनी वर्षातून दोनदा तरी एकत्र बसावे आणि कार्यसूचीवर आणायचे तीन विषय संयुक्त सहीने द्यावेत.

सुरुवात करणाऱ्या संस्थेने पहिल्या वर्षी एवढे सर्व अंगावर घेऊ नये. जूनमध्ये नकाशा आणि याद्या, जुलैमध्ये निवडणूक, चतुर्थीनंतर एकच मसुदा घेऊन मते मागवणे आणि नाताळापूर्वी त्याचा उत्तरांचा तक्ता, इतके झाले तरी पाया पडला असे समजावे. मसुदा असा निवडावा की त्यात पैशाचा मोठा प्रश्न नाही, पण सर्वांच्या रोजच्या कामाशी त्याचा संबंध आहे. परीक्षेचे वेळापत्रक यासाठी उत्तम. आणि प्रतिनिधीची मुदत संपते त्या महिन्यात त्याने आपली फाइल नव्या प्रतिनिधीच्या हाती द्यावी: समित्यांचा नकाशा, दिलेल्या टिपण्यांच्या प्रती, उत्तरांचे तक्ते, आणि उत्तर न मिळालेल्या सूचनांची तारखांसह वेगळी यादी. नव्या प्रतिनिधीच्या पहिल्या बैठकीच्या कार्यसूचीवर पहिला विषय त्या यादीतला असावा.